हवेची रोजकीर्द

प्रशांत महासागरातील हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उत्तरेकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, एक वेधशाळा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण तेथे मार्च १९५८ पासून मोजले जात आहे. महिनावार सरासरीचा हा तक्ता वाचत खाली येताना, पहिल्या वर्षातील एखाददुसरा खंड सोडला तर, नजर अडखळते ती १९६४ या वर्षापाशी. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तीन महिन्यांपुढे आकडाच नाही. त्या काळात ज्वालामुखीचा उद्रेक झालेला नव्हता. अमेरिकन काँग्रेसने खर्चात कपात केली होती, आणि यंत्राची देखभाल करण्यापुरतेही मनुष्यबळ डोंगरावर उरले नव्हते.

तीन रिकामे रकाने ही तशी क्षुल्लक बाब. परंतु ज्या नोंदीने मानव आणि पृथ्वी यांच्या संबंधाचा विचार नव्याने करावयास भाग पाडले, ती नोंद आपल्या सहाव्याच वर्षी बंद पडली होती. ‘ही तर नुसती नोंद’ असे म्हणून पुढेही ती अनेकदा बंद पडण्याच्या बेतात आली, हे ध्यानात घेतले म्हणजे या रिकाम्या जागा बोलू लागतात. विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून वाचतो. येथे मात्र नोंदीचाच इतिहास वाचावा लागतो.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अगदीच परका नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा बखरींच्या विश्वसनीयतेविषयी त्यांनी घेतलेले आक्षेप सर्वश्रुत आहेत. बखर लिहिली जाते ती घटना घडून गेल्यावर, तिचे महत्त्व ठरून गेल्यावर. पत्रे, हिशेब, रोजकीर्द ही मात्र त्या त्या दिवसाच्या गरजेपोटी लिहिली जातात. आपण इतिहास लिहीत आहोत, याची कारकुनाला जाणीवही नसते, आणि म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची ठरते. मौना लोआची नोंद ही या अर्थाने हवेची रोजकीर्द आहे. ती सुरू होण्यापूर्वी या विषयात जे होते, त्याचे स्वरूप पुष्कळसे बखरीसारखे होते.

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वीचे तापमान वाढेल, हे गणित स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले होते. तो प्रत्यक्षात वाढतो आहे, असे इंग्रज अभियंता गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकातील जुनी मोजमापे गोळा केली. पण ती मोजमापे एकमेकांशी जुळत नव्हती. कोणी शहरात मोजलेली, कोणी शेतात. कोणी सकाळी, कोणी रात्री. प्रत्येकाचे उपकरण निराळे. कॅलेंडर यांनी त्यांतली विश्वसनीय वाटलेली तेवढी निवडली, आणि निवड आली की आक्षेप आलाच. १९५० च्या दशकात स्कँडिनेव्हियात अनेक ठिकाणी नियमित मोजणी सुरू झाली. तेथेही आकडे इतके वरखाली होत की, या वायूचे काही एक स्थिर प्रमाण असते की नाही, याचीच शंका यावी.

अशा वेळी चार्ल्स डेव्हिड कीलिंग हा तरुण रसायनशास्त्रज्ञ या विषयाकडे जवळजवळ आडवाटेने आला. त्याचा जन्म १९२८ चा. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तो नदीचे पाणी, चुनखडी आणि हवा यांच्यातील कर्बाच्या देवघेवीचा अभ्यास करू पाहत होता. त्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइडचा भरवशाचा आकडा हवा होता, आणि तो कोठेच मिळेना. तेव्हा त्याने स्वतःच एक दाबमापक तयार केला. हवा काढून टाकलेले पाच लिटरचे काचेचे गोल फुगे घेऊन तो रानात जाई. आपला उच्छ्वास त्यात मिसळू नये म्हणून श्वास रोखून फुग्याची तोटी उघडी, आणि आत शिरलेली हवा प्रयोगशाळेत आणून तिच्यातील कार्बन डायऑक्साइड द्रव नायट्रोजनच्या थंडाव्याने गोठवून वेगळा करून मोजी. १९५५ मध्ये बिग सूर येथील वनात त्याने दिवसरात्र दर काही तासांनी असे नमुने घेतले. झोपेची थैली सोडून रात्रीतून अनेकदा उठावे लागे. इतके नमुने घेण्याची गरज होती का, असे कोणी विचारले असते तर त्याला समर्पक उत्तर देता आले नसते.

पण त्या अनावश्यक वाटणाऱ्या चिकाटीतूनच पहिली गोष्ट हाती आली. रात्री झाडे आणि माती यांच्या श्वसनामुळे जमिनीलगत हा वायू साठतो; दुपारी हवा वरपर्यंत ढवळली गेली की त्याचे प्रमाण उतरते. महत्त्वाचे हे की, भर दुपारी घेतलेला नमुना कोठलाही असो, आकडा सारखाच येई : दहा लाख भागांत सुमारे ३१० भाग. जुन्या मोजमापांतील गोंधळ हवेचा नव्हता, मोजणाऱ्यांचा होता. स्थानिक उपद्रव टाळून मोजले तर वातावरणाला त्याचा स्वतःचा असा एक आकडा होता.

१ जुलै १९५७ रोजी आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष सुरू झाले. त्यानिमित्ताने पैसा उपलब्ध झाला. कीलिंग तोपर्यंत सॅन डिएगोजवळील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत आला होता. संस्थेचे संचालक रॉजर रेव्हेल यांची कल्पना अशी होती की, जहाजे आणि विमाने यांच्या साह्याने जगभरच्या हवेचे एकदा सर्वेक्षण करावे, आणि दहावीस वर्षांनी पुन्हा करून फरक पाहावा. कीलिंगचे म्हणणे निराळे होते. मोजके ठिकाण निवडावे, पण तेथे अखंड मोजावे. अमेरिकन हवामान खात्याचे हॅरी वेक्सलर यांनी त्याला पाठबळ दिले. मौना लोआवर त्यांच्या खात्याची वेधशाळा नुकतीच उभी राहिली होती. दक्षिण ध्रुवावरही तळ होता. मौना लोआ हे ठिकाण महासागराच्या मध्यावर, झाडझाडोऱ्यापासून दूर, उघड्या लाव्ह्यावर होते. ज्वालामुखीच्या विवरातून निघणारा वायू कधी रात्रीच्या वाऱ्याबरोबर खाली येई. पण असे तास यंत्राच्या आलेखावर ओळखू येत आणि ते बाजूला काढता येत.

मार्च १९५८ च्या अखेरीस यंत्र सुरू झाले. पहिला आकडा ३१३ आला. एप्रिलमध्ये तो चढला, मे महिन्यात आणखी चढला. मग वीज गेली. वीज परत आल्यावर पाहावे तो आकडा खाली उतरलेला! या उंचीवरही हवा बेभरवशाचीच निघते की काय, अशी चिंता कीलिंगला वाटू लागली. त्याचे उत्तर १९५९ मध्ये मिळाले. तोच चढ आणि तोच उतार त्याच महिन्यांत पुन्हा आला. उत्तर गोलार्धात जमीन अधिक आणि वनस्पतीही अधिक. त्या उन्हाळ्यात हा वायू ओढून घेतात. थंडीत पानगळीचा कुजवा तो परत करतो. म्हणून मे महिन्यात प्रमाण सर्वाधिक आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत कमी. एका गोलार्धाचा श्वासोच्छ्वास प्रथमच कागदावर उतरला होता. १९६० मध्ये ‘टेलस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात कीलिंगने आणखी एक गोष्ट सांगितली : हे वार्षिक आंदोलन वजा केले तरी दक्षिण ध्रुवावरील आकडा वर्षागणिक वाढतो आहे.

येथे खरे तर शोध पूर्ण झाला होता, आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली. शोध लागल्यावर मोजत राहण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न अनुदान देणाऱ्यांना पडणे स्वाभाविक होते. १९६४ चा खंड हा त्याचा पहिला आविष्कार. त्यानंतर नॅशनल सायन्स फाउंडेशनने मदत केली. परंतु १९७० च्या दशकात हे काम संशोधन आहे की नित्याची नोंद, असा वाद तेथेही उपस्थित झाला. नित्याची नोंद असेल तर ती सरकारी खात्याने करावी, असा युक्तिवाद होता. राल्फ कीलिंग यांनी आपल्या वडिलांविषयी लिहून ठेवले आहे की, एका टप्प्यावर त्यांच्याकडे वर्षाला दोन शोधांची हमी मागण्यात आली होती. महाविद्यालयांतून दरवर्षी स्वयंमूल्यमापनाचे गुणांक भरणाऱ्या आमच्यासारख्यांना या मागणीचे हसू येते, आणि लगेच ते ओसरतेही.

१९७४ पासून अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने मौना लोआवर स्वतःची स्वतंत्र मोजणी सुरू केली. मग कीलिंगची नोंद कशाला, असेही विचारले गेले. पण एका कारकुनाची कीर्द दुसऱ्याने ताडून पाहिल्याशिवाय विश्वासास पात्र होत नाही, हे कोणताही हिशेबनीस सांगेल. आज या दोन नोंदी एकमेकींशी जुळतात, म्हणूनच त्यांतील आकड्यांवर वाद राहिलेला नाही.

आणि शोध? ते लागतच राहिले. मात्र वर्षाला दोन या दराने नव्हे. एल निन्योच्या वर्षांत वाढीचा वेग बदलतो, हे १९७० च्या दशकात ध्यानात आले. त्यासाठी दीड दशकांची नोंद हाताशी असावी लागली. १९९६ मध्ये कीलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वार्षिक आंदोलनाचा आवाका १९६० च्या दशकाच्या आरंभापासून हवाईत सुमारे २० टक्क्यांनी आणि आर्क्टिक प्रदेशात सुमारे ४० टक्क्यांनी वाढला आहे, आणि उत्तरेकडचा वसंत काही दिवस अलीकडे सरकला आहे. हा शोध तीन वर्षांच्या प्रकल्पात लागणे शक्यच नव्हते.

आता या रोजकिर्दीच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. कार्बन डायऑक्साइडची वाढ ही जमेची बाजू झाली. तिच्यासमोर खर्चाच्या बाजूला प्राणवायू असतो. कोळसा किंवा खनिज तेल जळते तेव्हा हवेतला प्राणवायू खर्ची पडतो. तो खर्च मोजता आला तरच जमेचा उगम निर्विवादपणे सांगता येईल. पण प्राणवायू स्थिर आहे, असा समज विज्ञानात फार जुना होता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ मध्ये सुमारे साठ दिवसांची हवा तपासून तिच्यात फरक आढळत नाही, असे सांगितले होते. १९६० च्या दशकात जगातील प्राणवायू संपेल की काय, अशी भीती व्यक्त होऊ लागली, तेव्हा मॅक्टा आणि ह्यूज यांनी जागोजागची हवा मोजली आणि १९१० च्या सुमारापासून काही बदल झालेला नाही, असा निर्वाळा १९७० मध्ये दिला. तो त्यांच्या उपकरणांच्या कुवतीपुरता खराही होता.

अडचण प्रमाणाची होती. दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड तीनचारशे भाग. त्यात एका भागाची भर पडली तर ती ओळखता येते. प्राणवायू मात्र त्याच दहा लाखांत सुमारे २,०९,५०० भाग. त्यातून एखादा भाग कमी झाल्याचे ओळखणे म्हणजे हजार किलो धान्याची गाडी तोलून तिच्यातून चिमूटभर धान्य गेल्याचे सांगणे. हे तोलणे साधले ते कीलिंगच्याच मुलाने. राल्फ कीलिंग यांनी हार्वर्ड विद्यापीठातील आपल्या डॉक्टरेटच्या संशोधनात (१९८८) एक नवी पद्धत सिद्ध केली. पाऱ्याच्या दिव्याच्या दोन वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश हवेतून जाताना किती वळतो, यातील अतिसूक्ष्म फरकावरून प्राणवायूचे प्रमाण काढता येते. १९८९ मध्ये ला होया येथील हवेच्या नमुन्यांपासून नोंद सुरू झाली. पुढे आर्क्टिकपासून दक्षिण ध्रुवापर्यंत अनेक ठिकाणांहून काचेच्या फुग्यांतून हवा येऊ लागली. वडिलांनी रानात नेलेल्या फुग्यांचेच हे वंशज.

प्राणवायू कमी होत होता. अलीकडच्या काळात तो दर वर्षी दहा लाखांत सुमारे चार भागांनी घटतो. या घटीने कोणाचा श्वास कोंडणार नाही. साठा एवढा अफाट आहे की तीनचार दशकांची घट एकूण प्राणवायूच्या हजारात एक भागही भरत नाही. वृत्तपत्रांतून अधूनमधून येणारी प्राणवायूच्या टंचाईची भाकिते म्हणूनच निराधार होत. या आकड्याचे महत्त्व वेगळेच आहे. वाढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रातून आला असता, तर हवेतल्या प्राणवायूत अशी घट झाली नसती. ज्वालामुखीतून आला असता, तरीही नाही. घट होते आहे, याचा अर्थ काहीतरी जळते आहे.

हिशेब येथेच थांबत नाही. जाळल्या जाणाऱ्या इंधनातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो, हे ठाऊक आहे. त्यातला साधारण निम्माच हवेत उरतो. उरलेला गेला कोठे? समुद्राने घेतला, की जमिनीवरील वनस्पतींनी? केवळ जमेच्या बाजूवरून हे सांगता येत नाही. पण वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात तेव्हा प्राणवायू परत देतात. समुद्र नुसताच विरघळवून घेतो, परतफेड करीत नाही. तेव्हा दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की वाटणी निघते : समुद्र आणि जमीन यांनी ढोबळमानाने प्रत्येकी पाव हिस्सा उचलला आहे. राल्फ कीलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ आणि १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या निबंधांनी या पद्धतीचा पाया घातला. वडिलांच्या किर्दीवरून काय वाढते ते कळले होते. मुलाच्या किर्दीमुळे खतावणी करता आली.

या जमाखर्चात आपल्या किनाऱ्याचीही काही पाने आहेत. गोव्यातील काबो द रामा येथे १९९३ पासून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या सहकार्याने हवेचे नमुने घेतले जाऊ लागले. त्या जागेची मौज अशी की, पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे तेथे दूर दक्षिणेकडील समुद्राची हवा आणतात आणि हिवाळ्यात वारे फिरले की भारताच्या भूमीवरून आलेली हवा मिळते. एकाच कड्यावर उभे राहून दोन जगांची हवा मोजता येते. ही नोंद २००२ नंतर खंडित झाली आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिंहगडावर नमुने घेण्यास आरंभ केला. मान्सूनच्या पावसाने हिरवा झालेला प्रदेश किती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, हा प्रश्न हवाईच्या डोंगरावरून सुटणारा नाही. तो येथेच सुटेल. पण काबो द रामाच्या नोंदीतील मधली वर्षे आता कोणत्याही उपायाने भरून निघणार नाहीत. १९६४ चे रिकामे रकाने आपल्याकडेही आहेत, आणि ते अधिक लांब आहेत.

चार्ल्स कीलिंग यांचे जून २००५ मध्ये निधन झाले. त्यांनी मोजणी सुरू केली तेव्हा ३१३ असलेला आकडा तोवर ३८० च्या घरात गेला होता. मे २०१३ मध्ये त्याने ४०० ला स्पर्श केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ कीलिंग यांना नोंद चालू ठेवण्यासाठी लोकांकडे जाहीरपणे मदत मागावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली. तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावर काही दिवसांतच यंत्र मांडून नोंद चालू ठेवण्यात आली, आणि मार्च २०२३ मध्ये मूळ जागी मोजणी पुन्हा सुरू झाली. मे २०२५ ची सरासरी ४३० च्या वर गेली. आणि त्याच २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात ही वेधशाळा बंद करण्याची सूचना आली. ज्वालामुखीने तोडलेली वीज काही महिन्यांत जोडता येते. एखाद्या सहीने तोडलेल्या नोंदीचे तसे नसते.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचा अंदाज बांधता येतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० च्या आसपास होते, हे त्यावरूनच समजले. पण बर्फात अनेक वर्षांची हवा एकमेकींत मिसळून गेलेली असते. १९६४ च्या मार्च महिन्यात प्रशांत महासागरावरून वाहणाऱ्या वाऱ्यात काय होते, ते बर्फालाही सांगता येणार नाही. त्या दिवसांची हवा जगभर मिसळून गेली. दप्तरखान्यातला एखादा रुमाल हरवला, तर कोठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर त्याची नक्कल सापडण्याची आशा राजवाड्यांना असे, आणि कित्येकदा ती सफळही होई. हवेची नक्कल कोणी करून ठेवत नाही. ती ज्या दिवशीची, त्याच दिवशी लिहून घ्यावी लागते, आणि त्यासाठी रोज कोणीतरी त्या यंत्रापाशी असावे लागते.